जुनं नाटक मागवलं, मधली पानंच नाहीत: असं परत परत का होतं आणि काय करायचं

देवळाच्या ओट्यावर वाचन सुरू होतं. भाऊबीजेनंतरच्या मंडईसाठी, म्हणजे आमच्याकडच्या गावच्या जत्रेसाठी, एक जुनं सामाजिक नाटक बसवायचं ठरलं होतं आणि गावातली पोरं पुस्तकाभोवती गोल करून बसली होती. पुस्तक मी ऑनलाइन मागवलेलं. पुण्याकडचा एक जुन्या पुस्तकांचा विक्रेता, व्हॉट्सॲपवर मुखपृष्ठाचा एक फोटो, साडेतीनशे रुपये आणि वरून पोस्टाचा खर्च. दुसरा अंक रंगात आला आणि बापाचं काम करणारा आमचा मित्र थांबला. "भाऊ, इथं काही जुळत नाही जी. पोरगी अजून घरातून निघालीच नाही, अन् हा तिले वापस आण म्हणते." मी पुस्तक हातात घेतलं. पान ६४. समोर बघतो, तर पान ८१.

हे पहिल्यांदा झालं नव्हतं. मी वडशापासून काही अंतरावरच्या गावात राहतो, गावच्या वाचनालयासाठी आणि नाटक मंडळासाठी जुनी पुस्तकं शोधण्याचं काम बरीच वर्षं माझ्याकडेच आहे. झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाच्या भागात, नाटकाची पुस्तकं लागतात आणि यातली बरीचशी आता कुणी छापत नाही. सीताबर्डीच्या फुटपाथवर चाळून घ्यायची तर नागपूरला जाण्यायेण्यात दिवस मोडतो आणि पुस्तक मिळेलच असं नाही. म्हणून ऑनलाइन. आणि ऑनलाइन मागवलेल्या जुन्या पुस्तकाचं दुखणं बहुतेक वेळा चारपैकी एक असतं: पानं कमी, आवृत्ती भलतीच, पार्सल वाटेतून परत, किंवा आलं ते भिजून. पहिल्या दोन गोष्टी पैसे पाठवण्याआधीच पकडता येतात, म्हणून त्यांच्याबद्दलच जास्त लिहितो.

सोळाच पानं का जातात

पुस्तक एकेक पान छापून होत नाही. मोठ्या कागदावर एकदम बरीच पानं छापतात, तो कागद घड्या घालून दुमडतात, त्याला फर्मा म्हणतात. मराठी पुस्तकात फर्मा बहुतेक सोळा पानांचा असतो, कधी आठ पानांचा. असे फर्मे एकावर एक ठेवून शिवतात आणि वर पुठ्ठा चढवतात. शिवण कुजली की सुटं पान पडण्याआधी अख्खा फर्मा निसटतो. कधी तर बांधणाऱ्याकडूनच मुळात एक फर्मा दोनदा लागतो आणि दुसरा राहून जातो. तेव्हा पुस्तक जाडीला बरोबर दिसतं, वजनालाही बरोबर भरतं आणि तरी अपुरं असतं.

हे कळल्यापासून मी पुस्तक कुठे तपासायचं ते शिकलो. सोळाच्या हिशेबाने सांधे येतात ते असे: १६ आणि १७, ३२ आणि ३३, ४८ आणि ४९, ६४ आणि ६५, ८० आणि ८१. आमचं पुस्तक नेमकं ६४ वर तुटून ८१ वर जोडलं गेलं होतं, म्हणजे पाचवा फर्मा गायब. प्रस्तावनेची पानं वेगळी मोजली असतील तर हे आकडे थोडे पुढेमागे सरकतात. जुन्या पुस्तकात बऱ्याचदा फर्म्याच्या पहिल्या पानावर खाली कोपऱ्यात बारीक टायपात फर्म्याचा क्रमांक छापलेला असतो. एकदा तो दिसायला लागला की शंका राहत नाही: १, २, ३, ४ आणि मग एकदम ६ दिसला की समजायचं.

विक्रेत्याला आपण विचारतो, "पुस्तक चांगलं आहे ना?" तो म्हणतो, "एकदम चांगलं." तो खोटं बोलत नसतो. रद्दीवाल्याकडून किंवा कुणाच्या घरच्या आवराआवरीतून त्याने गठ्ठ्याने माल उचललेला असतो. मुखपृष्ठ शाबूत, पाठ शाबूत, म्हणजे त्याच्या दृष्टीने चांगलं. पानं मोजायला त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून प्रश्न बदलायचा. मी आता हा मजकूर जसाच्या तसा पाठवतो:

"नमस्कार दादा, पुस्तक मला घ्यायचं आहे. कृपया आधी एवढं पाठवा. १) मुखपृष्ठानंतरच्या नावाच्या पानाचा आणि त्याच्या मागच्या बाजूचा फोटो. २) शेवटच्या छापील पानाचा फोटो. ३) पानांचे आकडे दिसतील असा कोपरा धरून सगळी पानं सावकाश उलटण्याचा व्हिडिओ. ४) पाठीचा आणि वरच्या कडेचा फोटो. पुस्तक पूर्ण असेल तर लगेच पैसे पाठवतो."

शेवटचं वाक्य मुद्दाम घालतो. शंभर पानी नाटकाचा व्हिडिओ दोन मिनिटांत होतो आणि गिऱ्हाईक नक्की आहे म्हटल्यावर बहुतेक जण आनंदाने करून देतात. जो करून देत नाही त्याच्याकडून मी घेत नाही, पुस्तक कितीही दुर्मिळ असलं तरी. एक अपवाद आहे: जी प्रत दुसरीकडे कुठेच नाही, ती अपुरी आहे हे माहीत असूनही मी घेतो, पण मग भाव तसा ठरवून.

नाटकाचं शेवटचं पान बघण्याला वेगळं महत्त्व आहे. "पडदा" किंवा "समाप्त" छापलेलं दिसलं पाहिजे. संगीत नाटक असेल तर पदांची यादी कुठे आहे तेही विचारा. ती पानं गायक मंडळी सुटी करून नेतात आणि मग ती पुस्तकात परत येत नाहीत.

पानांवर पेन्सिलीच्या खुणा असल्या तर मात्र मी नाक मुरडत नाही. एखाद्या जुन्या मंडळाची प्रत हाती येते, त्यात कुठे अख्खा प्रवेश कापलेला, कुठे संवाद बदलून कागदाची चिठ्ठी डकवलेली, समासात "दिवा मंद" लिहिलेलं. कुणीतरी आपल्याआधी हे नाटक रात्रभर उभं केलं होतं त्याचा तो पुरावा असतो. अशी प्रत कोऱ्या प्रतीपेक्षा मला जास्त मोलाची वाटते. फक्त चिठ्ठीखालचा मूळ मजकूर वाचता येतो का, तेवढं विचारून घ्या.

मागितली एक आवृत्ती, आली दुसरी

मोठ्या संकेतस्थळांवर असं का होतं त्याचं कारण साधं आहे. तिथे पुस्तक आयएसबीएन क्रमांकाने ओळखलं जातं. हा क्रमांक जगात १९७० पासून आला आणि मराठी पुस्तकांवर रुळायला त्यानंतरही बराच काळ गेला. त्यामुळे १९५५ च्या पुस्तकावर क्रमांकच नसतो. मग विक्रेता काय करतो, त्याच नावाच्या नव्या पुस्तकाच्या नोंदीला आपली जुनी प्रत जोडून देतो, किंवा उलट. फोटो दिसतो नव्या मुखपृष्ठाचा, घरी येते भलतीच प्रत. म्हणून नोंदीवरचा फोटो हा त्या प्रतीचाच फोटो आहे असं कधीही धरून चालू नका.

खरी ओळख नावाच्या पानामागे असते: प्रकाशक, मुद्रक, आवृत्ती, साल. तिथे "आवृत्ती" लिहिलंय की "पुनर्मुद्रण" ते बघा. पुनर्मुद्रण म्हणजे तोच मजकूर पुन्हा छापला. नव्या आवृत्तीत लेखकाने किंवा संपादकाने मजकूर बदललेला असू शकतो. नाटकाच्या बाबतीत कधी पाच अंकांचे तीन केलेले असतात. आम्हाला एकदा अशीच आटोपशीर केलेली प्रत आली आणि ज्या प्रवेशासाठी पुस्तक मागवलं तोच त्यात नव्हता.

सालाची एक गोम आहे. जुन्या पुस्तकांवर बऱ्याचदा शके लिहिलेलं असतं. शके १८७२ म्हटलं की ७८ मिळवा, १९५० येतं. वर्षअखेरच्या पौष, माघ, फाल्गुनातलं असेल तर इंग्रजी साल एकाने पुढचं म्हणजे १९५१ असू शकतं. विक्रेत्यांपैकी काही जण शके १८७२ बघून "दीडशे वर्षं जुनं" असं लिहून मोकळे होतात आणि भाव तिप्पट लावतात. त्यांना नम्रपणे समजावून सांगितलं तर बहुतेक ऐकतात.

शोधतानाही जुनेपणा आडवा येतो. शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली बदलले, त्याआधीच्या पुस्तकांच्या नावांत आज आपण लिहीत नाही ते अनुस्वार असतात: नांव, गांव, कांहीं. विक्रेत्याने मुखपृष्ठावर दिसतं तसंच टाइप केलं असेल तर तुमच्या आजच्या लेखनाने ते सापडत नाही. दोन्ही प्रकारे शोधा, लेखकाच्या फक्त आडनावाने शोधा, प्रकाशकाच्या नावाने शोधा. बरेच विक्रेते इंग्रजी अक्षरांत नाव टाकतात, त्यात एकाच शब्दाची तीन-चार रूपं होतात. तीही करून बघा.

वाचनालयाचा शिक्का असेल तर जपून. वाचनालयं जुनी पुस्तकं रीतसर निर्लेखित करतात, म्हणजे नोंदीतून काढून टाकतात, आणि मग ती बाजारात येतात, त्यात गैर काही नाही. पण शिक्का आहे आणि ते रद्द केल्याची कुठलीच खूण नाही, अशी प्रत मी त्या वाचनालयाला विचारल्याशिवाय घेत नाही. आपल्याच वाचनालयाचं पुस्तक असं कुणी विकत असेल तर कसं वाटेल, एवढा विचार पुरे.

आणि मूळ म्हणून झेरॉक्स विकली जाते तेही तपासा. वरच्या कडेच्या फोटोत जुना कागद पिवळट, कडेला जास्त गडद दिसतो. झेरॉक्सचा कागद एकसारखा पांढरा असतो आणि पानांच्या मधल्या घडीजवळ काळी सावली दिसते.

विकत घेण्याआधी हे बघाच

कधीकधी पुस्तक विकत घ्यायची गरजच नसते. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं मोजायची, त्यानंतर त्याच्या लेखनावरचा स्वामित्वहक्क संपतो. राम गणेश गडकरी १९१९ साली आपल्या नागपूर जिल्ह्यातल्या सावनेरला वारले. त्यांचं लेखन कधीच सर्वांसाठी खुलं झालंय. अशा लेखकांची कितीतरी पुस्तकं स्कॅन करून इंटरनेट अर्काइव्हवर ठेवलेली आहेत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली बरीच पुस्तकं संकेतस्थळावर फुकट वाचायला दिली आहेत. नागपूरच्या विदर्भ साहित्य संघाला तर २०२३ साली शंभर वर्षं झाली. अशा जुन्या संस्थांच्या ग्रंथालयात एक पत्र टाकून विचारायला काही लागत नाही.

नाटक मंडळांसाठी एक गोष्ट वेगळी सांगतो. लेखकाचे हक्क शिल्लक असतील तर पुस्तक विकत घेतलं म्हणजे प्रयोगाची परवानगी मिळाली असं होत नाही. आपल्याकडे प्रयोग तिकीट लावून होतात, तेव्हा लेखकाची किंवा त्यांच्या वारसांची परवानगी लागते. हक्क कुणाकडे आहेत ते बहुतेक वेळा त्याच नावाच्या पानामागे छापलेलं असतं. तो फोटो मागण्याचं हेही एक कारण.

पैसे

इथे थोडक्यात. नवीन विक्रेता असेल तर पहिल्यांदा एकच स्वस्त पुस्तक मागवा. "पैसे परत करतो, पिन टाका" असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा. यूपीआयवर पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा, जितका उशीर तितके पैसे मिळणं अवघड. संकेतस्थळावरून घेतलेल्या मालाची तक्रार ऐकली जात नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. पार्सल फोडताना मोबाइलवर सलग व्हिडिओ करा, पत्ता लिहिलेल्या बाजूपासून सुरुवात करून.

पार्सल परत का जातं

आपल्या गावांचा पत्ता शहरी फॉर्ममध्ये बसत नाही. त्यात घर क्रमांक, रस्ता, खूण विचारतात आणि "पो." कुठेच विचारत नाहीत. गाव एक आणि टपाल कार्यालय दुसऱ्या गावाला, ही तर आपली रोजची गोष्ट. त्यात एकाच नावाची दोन-तीन गावं असतात, पुढे किंवा मागे चक, तुकूम, खुर्द लागलेलं असतं आणि विक्रेता नेमका तेवढाच शब्द गाळतो. म्हणून फॉर्मच्या पहिल्याच ओळीत नावापाठोपाठ लिहा: मु. अमुक, पो. अमुक, ता., जि., आणि पिनकोड पोस्टमन भाऊंना विचारून खात्री केलेला. पिनकोड तालुक्याचा टाकला आणि गावाचं टपाल दुसऱ्या कार्यालयातून येत असेल तर पार्सल दोन-तीन दिवस उगाच फिरतं.

खाजगी कुरिअर आतल्या गावांत येत नाही. ते ब्रह्मपुरी किंवा नागपूरपर्यंत येतं, "सेवा उपलब्ध नाही" म्हणून पडून राहतं आणि परत जातं. विक्रेत्याला आधीच सांगा: पोस्टानेच पाठवा. पुस्तकांसाठी पोस्टाने १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट सुरू केलंय, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. जमिनीवरून जातं म्हणून वेळ जास्त लागतो, पण माग काढता येतो. बऱ्याच विक्रेत्यांना हे अजून माहीत नाही, तुम्ही सांगा. नियतकालिकांचे जुने अंक त्यात चालत नाहीत. घाई असेल तर स्पीड पोस्ट. "रजिस्टर करून पाठवतो" असं कुणी म्हटलं तर २०२५ पासून ती सेवा स्पीड पोस्टातच सामावून घेतली आहे. त्याचा तेरा अक्षरी क्रमांक मागून घ्या, पुढे दोन अक्षरं, मध्ये नऊ आकडे, शेवटी दोन अक्षरं. पावतीचा धूसर फोटो घेऊ नका, क्रमांक टाइप करून मागा.

आमच्याकडची सगळ्यात जास्त पार्सलं रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत परत जातात. जुलै-ऑगस्टात घरची सगळी माणसं बांधीत, दाराला कुलूप. पोस्टमन येतो, "दार बंद" नोंदवतो, दुसऱ्यांदा तसंच होतं आणि थोड्या दिवसांत पार्सल उलट्या वाटेला लागतं. यावर माझा उपाय म्हणजे पत्त्यात "द्वारा" लिहून गावातल्या किराणा दुकानाचं नाव टाकणं, अर्थात दुकानदाराला विचारून. आणि क्रमांक मिळाला की शाखा डाकघरात आधीच सांगून ठेवणं: "काका, माझं एक पुस्तक येणार आहे, मी वावरातून येता येता घेऊन जाईन जी." तिथल्या माणसाला माहीत असलं की पार्सल हरवत नाही.

भिजून आलं तर

पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, आणि तिकडे जाणाऱ्या टपालाची पोती किती दिवस कुठे थांबतील याचा नेम नसतो. आमच्याकडे इतकं होत नाही, पण ओल येतेच. म्हणून जून ते सप्टेंबरात पुस्तक शक्यतो मागवूच नका. मागवलंच तर विक्रेत्याला सांगा: आधी प्लास्टिकचे दोन वेढे, मग पुस्तकापेक्षा चारी बाजूंनी बोटभर मोठे दोन पुठ्ठे, मग वरचा कागद. सुतळी थेट पुस्तकावर बांधू नये, ती कडांना चावते.

भिजलेलं पुस्तक उन्हात ठेवू नका, पानं वेडीवाकडी होतात आणि पाठ उकलते. पंख्याखाली उभं करून पानं हातपंख्यासारखी पसरा, दर दहा-बारा पानांनंतर साधा कोरा शोषणारा कागद घाला, तो ओला झाला की बदला. वर्तमानपत्र घालू नका, शाई उतरते. गुळगुळीत कागदावरचे फोटो असतील तर ती पानं सगळ्यात आधी हलक्या हाताने वेगळी करा, एकदा चिकटून सुकली की सुटत नाहीत. पांढरी बुरशी दिसली तर तोंडाला फडकं बांधून अंगणात मऊ ब्रशने झाडा, तीही पूर्ण सुकल्यावरच. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. काही वर्षांत ती पिवळी पडते आणि तो डाग निघत नाही.

नवीन आलेलं जुनं पुस्तक कोरडं झाल्यावर महिनाभर बंद पिशवीत, इतर पुस्तकांपासून वेगळं ठेवा. पिशवीच्या तळाशी बारीक भुसा पडला तर आत कीड जिवंत आहे. असं एक पुस्तक थेट कपाटात ठेवल्यामुळे आमच्या वाचनालयाच्या एका खणातली पुस्तकं पोखरली गेली, त्यात गावच्या एका आजोबांनी दिलेले पोथ्यांचे जुने छापही होते. ते परत मिळणार नाहीत.

अपुरं पुस्तक हातात आलंच तर

लगेच परत पाठवायची घाई करू नका. आधी विक्रेत्याला पानांचे आकडे कळवा. त्याच्याकडे त्याच पुस्तकाची दुसरी फाटकी प्रत असेल तर तो तेवढा फर्मा काढून पाठवू शकतो, आम्हाला एकदा असा मिळालाय. आमच्या मंडईच्या नाटकाला तो योग नव्हता. विक्रेत्याने अर्धे पैसे परत केले, चांगला माणूस होता. मग मी चार वाचनालयांना फोन केले, चौथ्या ठिकाणी तीच आवृत्ती निघाली. लेखक जाऊन सत्तर वर्षं झाली होती, त्यामुळे हक्काचा प्रश्न नव्हता. पान ६५ ते ८० ची झेरॉक्स काढली, नावाचं पान ताडून आवृत्ती तीच असल्याची खात्री केली आणि वडशाच्या एका बांधणीवाल्याकडून ती पानं जागच्या जागी शिवून घेतली. वाचन दहा दिवस उशिरा पुन्हा सुरू झालं, पान ६४ पासून.